रीस्टार्ट मारा की!

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सांभाळ थांबवला. दुसऱ्या दिवशी सांगलीच्या हरभट रोडवर किंवा साताऱ्याच्या पोवई नाक्यावर कुणाचंही दुकान त्यामुळे बंद राहिलं नाही. दिवाळी आठवड्यावर आली होती. झेरॉक्स निघाल्या, आधारच्या प्रती निघाल्या, लग्नपत्रिकांची प्रुफं निघाली. कित्येक दुकानांत तर विंडोज १० नव्हतीच. तिथं अजून विंडोज ७ चालते, आणि तिचा सांभाळ १४ जानेवारी २०२० लाच थांबलेला आहे. मायक्रोसॉफ्टच्या पंचांगाशी आपल्या बाजारपेठेचा फारसा संबंध नाही.

याच यंत्रांपैकी काहींवर हल्ली सुरू करताना काळ्या पडद्यावर एक यादी उमटते. वर लिनक्स, खाली विंडोज. दहाएक सेकंद ती थांबते, बाणाचं बटण दाबून निवड करायची. नाही केली तर वरची सिस्टिम आपोआप उघडते. असं दुहेरी यंत्र ठेवणाऱ्याला दोन्हीकडून टोमणे बसतात. विंडोजवाले म्हणतात, नसता उपद्व्याप. लिनक्सवाले म्हणतात, धड एकीकडचे व्हा. दोघांनाही हा कच्चेपणा वाटतो, वाटेवरचा मुक्काम वाटतो. मला तो तसा वाटत नाही. जुन्या यंत्रावर दोन सिस्टिम ठेवणं म्हणजे आपलं काम नेमकं कुणाच्या ताब्यात आहे, याची रोज उठून घेतलेली झडती आहे. एकाच सिस्टिमवर बसलेल्या माणसाला ती कधी घ्यावीच लागत नाही.

आधी पैशांचा मुद्दा निकालात काढू, कारण लिनक्सचा प्रचार नेहमी तिथूनच सुरू होतो. ‘फुकट आहे’ हे वाक्य युरोपात वजनदार असेल. आपल्याकडे ते पोकळ आहे. इथं विंडोजही लोकांना फुकटच मिळत आली. दुकानात यंत्र नेलं की पोरगा फॉरमॅट मारून, विंडोज टाकून, फोटोशॉप, कोरल आणि अँटिव्हायरससकट संध्याकाळी परत देतो आणि मजुरीचे चार-पाचशे घेतो. लायसन कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. त्यामुळे मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतलं सर्वांत सोपं हत्यार आपल्या मातीत बोथट झालं. चोरीची विंडोज ही मायक्रोसॉफ्टची नुकसानी असेल, पण लिनक्सची त्याहून मोठी. किंमत शून्य असलेल्या मालाशी शून्य किमतीच्या मालानं स्पर्धा तरी कशी करायची?

खरा मुद्दा यंत्राच्या आयुष्याचा आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७-१८ नंतरचा. २०१२ चा, चार जीबी रॅमचा आय-३ या अटीत बसत नाही. त्याला झालेलं काहीच नसतं. तो टाइप करतो, छापतो, बँकेची साइट उघडतो. मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरासाठी विंडोज १० ला ऑक्टोबर २०२६ पर्यंत एका वर्षाची मुदतवाढ दिली खरी, पण ती मुदतवाढच. या यंत्रावर हलक्या बांध्याचं लिनक्स टाकलं की सुरक्षेची ठिगळं पुन्हा मिळू लागतात. चमत्कार मात्र होत नाही. ब्राउझरचे दहा टॅब उघडले की चार जीबी रॅम कुठल्याही सिस्टिमवर कण्हायला लागते. जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली तर त्यानं जेवढा फरक पडतो, तेवढा लिनक्सनं पडत नाही, हे लिनक्सवाल्यांनी मोकळेपणानं कबूल करावं. आणि लिनक्सही जुन्याला जन्मभर पोसत नाही. डेबियननं ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या यंत्रांवर नव्यानं बसण्याची सोय बंद केली.

मग सरळ लिनक्सच का नाही? दुसरी सिस्टिम ठेवायचीच कशाला?

याचं उत्तर छापखान्याच्या गल्लीत आहे. माझ्या ओळखीचे एक डीटीपीवाले अण्णा आहेत. त्यांच्याकडे गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, थोरल्याच्या लग्नाला छापली होती तीच पत्रिका, नावं आणि तारीख तेवढी बदला. थोरल्याचं लग्न २००८ चं. फाइल आहे, कारण हा माणूस फाइल टाकत नाही. पण ती पेजमेकरमध्ये आहे आणि अक्षरं श्रीलिपी फॉन्टची. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ मध्ये आली आणि तिला युनिकोड कळतच नाही. लिनक्सवर ती फाइल उघडायला गेलं तर चिन्हांचा सडा. श्रीलिपीत ‘म’ टाइप केलेला असतो तिथं नुसती खालची आडवी रेघ दिसते, काना दिसतो तो रोमन एम म्हणून. कारण त्या फाइलमध्ये मराठी मुळात नाहीच. आहेत ती रोमन चिन्हं, आणि फॉन्ट त्यांना मराठीचे कपडे घालतो. फॉन्ट काढला की कपडे गेले. गिऱ्हाईक खुर्चीत वाट बघत बसलेलं असतं. “काय ओ अण्णा, उघडंना व्हय?” आणि अण्णांचा मुलगा आतून ओरडतो, “रीस्टार्ट मारा की!”

बदलून घेण्याची सोय आहे, कन्व्हर्टर मिळतात. पण ‘किर्लोस्कर’ हा एकच शब्द घ्या. सांगली जिल्ह्यात तो टाळता येणार नाही. जुन्या पद्धतीत ऑपरेटर डोळ्यांना दिसतं त्या क्रमानं टाइप करी. आधी पहिली वेलांटी, मग क, मग ल, काना-मात्रा, आणि सगळ्यांत शेवटी वरचा रफार. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा. आधी क, मग वेलांटी, मग पाय मोडलेला र, मग ल. कन्व्हर्टरला वेलांटी एक अक्षर पुढं ढकलायची असते आणि रफार उचलून एक अक्षर मागं आणायचा असतो. सरळ शब्दांत हे जमतं. जोडाक्षर आलं, त्यावर रफार आला, त्यात ऑपरेटरनं घाईत रफार दोनदा मारून ठेवलेला असला की चुकतं. लग्नपत्रिकेत आडनाव चुकलं तर गिऱ्हाईक पैसे देत नाही. म्हणून अण्णा कन्व्हर्टरच्या भानगडीत पडत नाहीत. ते रीस्टार्ट मारतात, चहा सांगतात आणि चार मिनिटं थांबतात.

या चार मिनिटांकडे मी वाया गेलेला वेळ म्हणून बघत नाही. ते भाडं आहे. २००८ मध्ये आपण एका बंद पेटीत अक्षरं ठेवली, त्या पेटीचं भाडं आज भरतोय. जो केवळ विंडोजवर आहे, तोही हे भाडं भरतोच; फक्त त्याला पावती मिळत नाही. तो जुनं यंत्र, जुनी विंडोज आणि जुना धोका असं सगळं एकत्र घेऊन रोज इंटरनेटवर जातो आणि मानतो की आपलं छान चाललंय. रीस्टार्टची पावती हातात पडणाऱ्याला निदान कळतं की कुठली फाइल आपली आहे आणि कुठली कुणा दुसऱ्याच्या मेहेरबानीवर उघडते.

धड एकीकडे व्हा म्हणणाऱ्या तरुणांबद्दल मला आदर आहे. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे. पोरं स्वतः शिकतात, कार्यशाळा घेऊन इतरांना शिकवतात. अशा मुलांच्या हातून या भागातल्या कित्येक लॅपटॉपांवर पहिलं लिनक्स गेलं असेल. पण वीस वर्षांच्या मुलाच्या मागं वीस वर्षांच्या फाइली नसतात. त्याला विंडोज पुसून टाकणं सोपं असतं. म्युनिक शहराचं उदाहरण या बाबतीत शिकण्यासारखं आहे. तिथल्या नगरपालिकेनं २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, दहा वर्षं खपून पंधराएक हजार यंत्रं बदलली आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचा ठराव केला. राजकारण त्यात होतंच. पण ज्या गोष्टींनी वर्षानुवर्षं त्रास दिला त्या होत्या जुने साचे, जुने मॅक्रो आणि एकेका खात्याची केवळ विंडोजवर चालणारी खास सॉफ्टवेअर. जर्मन पालिकेला जे जड गेलं, ते वखारभागातल्या हळदीच्या पेढीनं एका रविवारात करावं अशी अपेक्षा कशी ठेवायची? पेढीचा हिशेब टॅलीत आहे आणि टॅली विंडोजची आहे.

कुणी म्हणेल, एकाच सिस्टिमच्या पोटात दुसरी चालवता येते, व्हर्च्युअल मशीन नावाची सोय आहे. आहे. पण ती रॅम वाटून घेते, आणि चार जीबीत दोघांनी जेवायचं म्हटलं तर दोघंही उपाशी. नव्या, दणकट यंत्रावर दोन सिस्टिम रीस्टार्ट मारून वापरणं हा हल्ली हौसेचा मामला झालाय. जुन्या यंत्रावर तोच एक व्यवहारी मार्ग उरतो.

लिनक्सच्या बाजूनंही उणं आहे, ते झाकून चालणार नाही. स्क्रायबस हे पानं जुळवायचं मुक्त सॉफ्टवेअर. त्याच्या स्थिर आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळायला २०२४ साल उजाडावं लागलं. तोवर मराठी छापखान्यानं काय करायचं होतं? कोरलनं २००० मध्ये आपलं चित्रांचं सॉफ्टवेअर लिनक्ससाठी काढलं आणि थोड्याच काळात गुंडाळलंही. त्या दिवसापासून पत्रिका आणि फ्लेक्सचा धंदा विंडोजला जो बांधला गेला, तो गेलाच.

दोन सिस्टिम एका यंत्रात गुण्यागोविंदानं नांदतात असंही नाही. भांडणांतलं सर्वांत गमतीचं भांडण घड्याळाचं. यंत्रातल्या बॅटरीवर चालणारं एक घड्याळ असतं. विंडोज त्यात स्थानिक वेळ आहे असं धरते. ही सवय १९८४ च्या आयबीएम एटी आणि डॉसच्या काळापासूनची, कारण डॉसला टाइम झोन ही भानगड माहीतच नव्हती. लिनक्स त्याच घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवतं आणि दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवतं. परिणाम असा, की सकाळी लिनक्सवर काम करून दहा वाजता विंडोज उघडली तर कोपऱ्यात साडेचार दिसतात. सांगलीत बसून ग्रिनिचची वेळ! नुसती गंमत असती तर सोडून दिलं असतं. पण पहाटे पाचला दूध संकलनाची पावती फाडणाऱ्या यंत्रावर हे झालं तर पावतीवर आदल्या दिवसाची तारीख पडते. इलाज एका ओळीच्या आज्ञेचा आहे. लिनक्सला सांगायचं की बाबा, तूच ऐक, स्थानिक वेळ धर. दर वेळी समजूतदारपणा लिनक्सनंच का दाखवायचा, असं वाटतं. पण त्याला सांगितलेलं कळतं, म्हणून त्यालाच सांगायचं, असा हा व्यवहार.

दुसरं भांडण शट डाउनचं. विंडोज ८ पासून शट डाउन केलं तरी विंडोज पुरती बंद होत नाही. लवकर उठता यावं म्हणून अर्धी झोपलेली असते आणि डिस्कवरचा आपला हक्क सोडत नाही. लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहायला गेलं की ‘फक्त वाचा’ असं उत्तर येतं. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद केलं की हे सुटतं. आणि विंडोज नव्यानं मारली की ती सुरुवातीची यादीच पुसून टाकते, जणू यंत्रात दुसरं कुणी राहतच नाही. १३ ऑगस्ट २०२४ च्या अपडेटनं तर जगभर अनेकांच्या दुहेरी यंत्रांवरचं लिनक्स उघडेनासं केलं. दोन सिस्टिम असलेल्या यंत्रांना हात लावणार नाही असं मायक्रोसॉफ्टनं आधी म्हटलं होतं. फटका बसला तो सिक्युअर बूट चालू असलेल्या नव्या यंत्रांना. जुन्या बायोसवाल्या डब्यांना कळलंही नाही.

या सगळ्यातून जी वाट निघते तिला सांगली-साताऱ्याच्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. सांगली म्हणजे १९४९ मध्ये वेगळा पाडलेला दक्षिण सातारा. १९६० मध्ये नाव बदललं. कचेऱ्या दोन झाल्या, दप्तरं दोन झाली, पण कृष्णा एकच राहिली आणि तिचं पाणी दोन्हीकडच्यांनी धरलं. डिस्कवर पार्टिशन पाडताना हेच करायचं. एक विंडोजचं, एक लिनक्सचं, आणि तिसरं, सर्वांत मोठं, दोघांना वाचता येईल असं. सिस्टिम कुठलीही उघडा, फाइली तिथंच. लिनक्सला विंडोजची एनटीएफएस मांडणी वाचता-लिहिता येते. उलट होत नाही. लिनक्सच्या मांडणीतला पेनड्राइव्ह विंडोजला लावला तर ती फॉरमॅट करू का असं विचारते, आणि घाईत कुणीतरी होय म्हणतो. म्हणून तिसरं पार्टिशन विंडोजच्या भाषेतलं ठेवावं. इथंही समजूतदारपणा कुणी दाखवायचा ते ठरलेलंच.

अर्थात तिसरं पार्टिशन म्हणजे बॅकअप नव्हे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. पाणी दुकानात शिरलं की डिस्कवर पार्टिशनं किती पाडली होती हे ते बघत नाही. फाइलींची एक प्रत दुसऱ्या गावात हवी.

पण तिसऱ्या पार्टिशनवर काय ठेवायचं, हा प्रश्न पार्टिशन पाडण्याहून महत्त्वाचा आहे. पेजमेकरची फाइल तिथं ठेवून ती दोघांची होत नाही. तिथं युनिकोडमधला मजकूर हवा, पीडीएफ हवी, दोन्हीकडे उघडणारा तक्ता हवा. साताऱ्याच्या माणसानं यासाठी वाईपर्यंत जाऊन यावं. तिथं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. ते शिशाच्या खिळ्यांचे दिवस होते. एकेका पानामागं खिळे जुळवणाऱ्यांचे, प्रुफं तपासणाऱ्यांचे हात होते. नंतर छपाईची रीत बदलली, खंड वीसपर्यंत गेले, आणि आज तोच मजकूर युनिकोडमध्ये इंटरनेटवर कुणालाही वाचता येतो, शोधता येतो. विंडोजवर, लिनक्सवर, मोबाइलवर. कुठल्या यंत्रावरून वाचताय असं त्या नोंदी विचारत नाहीत. त्या मानानं मधल्या काळातले, म्हणजे १९९० ते २०१० च्या आसपासचे, आपले संगणकावरचे कागद बघा. दिवाळी अंक, सहकारी संस्थांचे अहवाल, पतपेढ्यांची इतिवृत्तं, शाळांच्या हस्तपुस्तिका. छापील प्रती कपाटात आहेत, पण फाइली फॉन्टच्या कोंडवाड्यात. खिळ्यांच्या काळातलं पुस्तक स्कॅन करून वाचता येतं. संगणकाच्या काळातली फाइल उघडायला मात्र त्या काळचा संगणक लागतो. हा उलटा न्याय आहे आणि मराठीत त्याबद्दल पुरेसं बोललं गेलेलं नाही.

याला शिक्षणही जबाबदार आहे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ मध्ये स्थापन झालं आणि पाठोपाठ एमएस-सीआयटी आलं. खेड्यापाड्यांतल्या पोरापोरींनी पहिल्यांदा माउस हातात धरला तो त्या वर्गांत. हे काम लहान नाही. पण त्या पिढीच्या डोक्यात संगणक म्हणजे विंडोज आणि लिहिणं म्हणजे वर्ड असं जे बसलं ते पक्कं बसलं. त्याच दशकात केरळनं आयटी ॲट स्कूल प्रकल्पातून आपल्या शाळा लिनक्सवर नेल्या. केरळसारखं सगळंच बदलावं असं माझं म्हणणं नाही. उलट रयतच्या एखाद्या शाळेतल्या जुन्या प्रयोगशाळेत दोन्ही सिस्टिम ठेवाव्यात. यंत्र सुरू करताना यादी दिसली की मुलाला पहिल्याच दिवशी कळतं, यंत्र वेगळं आणि सिस्टिम वेगळी, आणि निवड आपल्या हातात आहे. एकाच सिस्टिमवर, मग ती लिनक्स का असेना, शिकलेल्याला हे कळायला बरीच वर्षं लागतात. काहींना कधीच कळत नाही.

मग किती दिवस ठेवायची ही दुसरी सिस्टिम? अनुभव असा, की काही महिन्यांत एक बाजू ओस पडते. आठवड्याला एकदा, मग महिन्याला एकदा उघडली जाते. लोक याला प्रयोग फसला म्हणतात. मला तो जमलेला वाटतो. विंडोज ७ महिन्यातून एकदा, इंटरनेट तोडून, एका जुन्या पत्रिकेसाठी उघडली जाते, याहून सुरक्षित विंडोज ७ जगात नसेल. तिला साठ जीबीचं पार्टिशन पुष्कळ झालं. धोका तिचा नाही, धोका त्या काळच्या फॉन्ट-पॅकेजांबरोबर आलेल्या लॉकचा आहे. संगणकाच्या पाठीमागं लावलेलं ते बोटभर प्लास्टिक काढलं की फॉन्टची पेटी उघडत नाही. ते बिघडलं तर नवं मिळेलच याची खात्री नाही, आणि मिळालं तरी ज्या पोर्टात बसायचं तो पोर्ट नव्या यंत्रांवर नसतो. अण्णांच्या मुलानं अलीकडे एक पद्धत धरली आहे. जुनी पत्रिका मागायला कुणी आलं की रीस्टार्ट मारायचा, फाइल उघडायची, आहे तशी पीडीएफ काढून तिसऱ्या पार्टिशनवर टाकायची, परत लिनक्समध्ये यायचं आणि मजकूर युनिकोडमध्ये हातानं नव्यानं टाइप करायचा. सगळ्या फाइली बसून बदलायला त्याला सवड नाही. ज्याचं लग्न निघतं, त्याची फाइल सुटते.